अकरा दिवस

ऐरोली नाक्यावर मोरघडे मॅडमनी हात केला
तेव्हा पहाटेचे पाच चाळीस.
मागे राबोडीच्या भट्टीतून उचललेल्या दीडशे लाद्या,
अजून गरम, काचांना आतून घाम.
त्यांनी मशीनमध्ये नंबर टाकला
आणि मशीनने माझ्याआधी सांगून टाकलं :
विमा संपून अकरा दिवस झाले.

दोन हजार.
परत सापडलात तर चार.
"कायद्यात तीन महिने आतपण लिहिलंय, हिराजीभाऊ,"
दम देत नव्हत्या,
साखर वाढलेल्याला पथ्य सांगावं तसं.

म्हटलं, मॅडम, सतरा वर्षं चालवतोय,
आरशालासुद्धा ओरखडा नाही.
"तुमच्यासाठी नसतोच तो.
समोरच्यासाठी असतो."
एवढं बोलून त्या मागच्या टँकरकडे वळल्या.

हप्त्याचे पैसे होते, असं नाही की नव्हते.
थोरलीच्या नर्सिंगची फी त्याच आठवड्यात आली,
आणि ठोसर एजंटला मी फोनवर म्हटलं, सोमवारी.
आपला सोमवार म्हणजे काय
ते ठोसरलाही ठाऊक असतं.

दुपारी लुईसवाडीत, त्याच्या घडीच्या टेबलापाशी,
पहिल्यांदा तो कागद वाचला.
पहिला पक्ष मी. दुसरा कंपनी.
आणि सगळीकडे, ओळीओळीत, तिसरा पक्ष.
त्याचं नाव कुठे लिहायचं? जागाच नाही.
ठोसर चष्मा पुसत म्हणाला,
"तो अजून भेटलेला नाही तुला."

मला विटाव्यातली मथुरावहिनी आठवली.
तिच्या नवऱ्याला उडवलं त्या टेम्पोचा विमा नव्हता.
ठाण्याच्या कोर्टात सहा वर्षं, मग निकाल तिच्या बाजूने,
चौदा लाख, व्याजासकट, मालकाने द्यावेत.
मालकाकडे टेम्पोच होता.
तो पोलीस ठाण्यामागे उभ्याउभ्या गंजला,
त्याच्या टपात पिंपळ उगवला.
निकाल तिने लॅमिनेट करून घेतलाय.
रेशनकार्डासोबत ठेवते.

त्या रात्री मी दिवस मोजायला बसलो.
पहिल्या दिवशी कळवा पुलावर
दुधाचे कॅन बांधलेला सायकलवाला, डाव्या हाताला.
तिसऱ्या दिवशी दिघ्याला
रस्ता झाडणारी, पाठमोरी, जाकिटावरची पट्टी निघालेली.
पाचव्या की सहाव्या दिवशी घणसोलीत
रात्रपाळीचा वॉचमन, चालताचालता झोपलेला,
मी हॉर्न दिला तर मलाच सलाम ठोकला त्याने.
सगळे तिसरे पक्ष.
सगळे घरी पोचले.

आणि सातव्या दिवशी तो पोरगा.
रेल्वेपुलाखालून बाहेर पडताच
आधी बॉल आला.
ब्रेकवर मी उभाच राहिलो जवळजवळ,
मागून सगळ्या लाद्या माझ्या पाठीवर.
चाकाखाली काहीतरी फुटलं.
उतरलो तेव्हा पाय माझे नव्हते.
बॉल होता.
पोरगा दोन हात अंतरावर, एक चप्पल हातात,
रडत होता बॉलसाठी.
पन्नासची नोट दिली, मिटलं.

पन्नास रुपयांत मिटलं
असं मी घरी हसत सांगितलं होतं.

आता दोन हजारांची पावती गाडीत खोचलीय,
उन्हाच्या झडपेमागे, देवाच्या फोटोशेजारी.
नवीन पॉलिसी रात्री बारापासून लागू.
ठोसरला विचारलं, मधले अकरा दिवसही घाल की त्यात,
वाटलं तर जास्त घे.
तो हसला. कॅलक्युलेटर बंद केलं.
"मागच्या तारखेचा विमा नसतो रे."

आज पुलाखालून दुसऱ्या गिअरमध्ये आलो.
मागचा रिक्षावाला आईवरून बोलला.
पोरगा तिथेच होता, नवा बॉल, पिवळा.
त्याने मला ओळखलं नाही.
मी मात्र काच खाली केली,
काय बोलायचं ते सुचेना,
एक लादी पाव दिला.